जग सोडल्यानंतर लिहिलेले

१२७२ सालच्या शरद ऋतूत जपानची तेव्हाची राजधानी क्योतोमध्ये मिनामोतो नो मासातादा नावाचा एक थोर दरबारी अंथरुणाला खिळला होता आणि या दुखण्यातून आपण उठत नाही हे त्याला कळून चुकले होते. उशाशी त्याची मुलगी बसली होती. जपानी गणनेप्रमाणे तिला पंधरावे वर्ष होते. आई अगदी लहानपणीच गेलेली, आदल्या वर्षी बापाने तिला निवृत्त सम्राट गो-फुकाकुसा याच्या स्वाधीन केलेले, आणि आता तिला त्याच्यापासून दिवस गेलेले. मासातादाने तिला जे सांगितले ते तिने पुढे लिहून ठेवले. मर्जी आहे तोवर मन लावून सेवा कर. मर्जी उतरली आणि निभाव लागेनासा झाला, तर दुसऱ्या धन्याच्या दारी जाऊ नकोस, कुणाच्या घरच्या आश्रयालाही राहू नकोस, सरळ भिक्षुणी हो. केस राखून घराण्याच्या नावाला बट्टा लागेल असे जगणे मात्र नको. आणि एकदा जग सोडलेस, की मग काहीही केलेस तरी त्याला बोल लागणार नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी दर वाचनात थांबते. बापाच्या मनात घराण्याची अब्रू होती यात शंका नाही. संसारात राहिलेली बाई घराण्याचे नाव घालवू शकते. संसाराबाहेर गेलेली बाई कुणाच्याच हिशेबात धरली जात नाही, म्हणून ती निर्धोक. परंतु मुलीने पुढे आयुष्यभर जे केले ते पाहिले, की तिने बापाचे हे वाक्य त्याच्या मनात नसलेल्या अर्थाने अक्षरशः खरे केले असे वाटते.

ही मुलगी साहित्याच्या इतिहासात निजो या दरबारी नावाने ओळखली जाते. तिचे स्वतःचे नाव उरलेले नाही. ‘तोवाझुगातारी’, म्हणजे कुणी न विचारता सांगितलेली हकीकत, हे तिचे आत्मकथन पाच भागांत असून त्यात १२७१ ते १३०६ हा काळ येतो. पहिले तीन भाग दरबारातले, पुढचे दोन भिक्षुणी झाल्यानंतरच्या भ्रमंतीचे. शतकानुशतके हे पुस्तक विस्मृतीत पडले होते. १९३८ साली यामागिशी तोकुहेई या अभ्यासकाला त्याची एकमेव हस्तप्रत राजघराण्याच्या ग्रंथसंग्रहात, भूगोलाच्या पुस्तकांमध्ये ठेवलेली आढळली आणि १९५० साली ते छापून सर्वांसमोर आले. बहुधा शेवटच्या दोन भागांतला प्रवास पाहून कुणीतरी त्याची रवानगी भूगोलात केली असावी. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले, आणि त्या निमित्ताने तिच्या आधीच्या व नंतरच्या जपानी स्त्रियांच्या रोजनिशा वाचत गेले. वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली: या बायकांच्या बाबतीत भिक्षुणी होणे आणि लिहिणे ही दोन कामे एकमेकींपासून वेगळी काढता येत नाहीत. भिक्षुणीच्या काळ्या वस्त्राने त्यांना दरबाराबाहेरची वाट दिली, आणि त्या वाटेवर जे सोडून द्यायला धर्माने सांगितले होते ते त्यांनी एकेक करून लिहून ठेवले.

रोजनिशी म्हटली तरी ती रोज लिहिलेली नव्हे. दरबारातले पुरुष चिनी लिपीत दिवसवार नोंदी ठेवत. स्त्रिया काना लिपीत, बोलीला जवळ असलेल्या जपानीत, पुष्कळदा वर्षे उलटून गेल्यावर आठवणींतून लिहीत, आणि मधूनमधून पाच ओळींच्या कविता गुंफत. त्यामुळे या लेखनात तारीख कमी आणि निवड जास्त असते.

मराठी वाचकाच्या मनात बाईचे केस, धर्म आणि कात्री या तीन गोष्टी एकत्र आल्या की विधवेचे केशवपन उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. ती जबरदस्ती इतकी खोल रुजलेली होती की १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनाच ‘आम्ही हे काम करणार नाही’ असे ठरवावे लागले. ती आठवण मनात घेऊन जपानी मध्ययुगात शिरले, की पहिला धक्का बसतो तो याचा, की तिथे बायका कात्री मागत आहेत आणि पुरुष ती नाकारत आहेत. विधवेने भिक्षुणी व्हावे ही अपेक्षा तिथेही होती, हे खरे. पण वाङ्मयात पुन्हापुन्हा येतो तो प्रसंग निराळा असतो. मुरासाकी शिकिबु या दरबारी लेखिकेच्या ‘गेन्जी’च्या कथेत नायकाची प्रिय पत्नी (तिचेही नाव मुरासाकीच) आजारपणात भिक्षुणी होण्याची परवानगी मागते आणि नायक गेन्जी ती अखेरपर्यंत देत नाही. ज्या स्त्रीचे केस अंगाइतके लांब असणे हे तिच्या सौंदर्याचे माप मानले जाई, तिने ते खांद्यापाशी कापणे म्हणजे पुरुषाच्या हातून निसटणे होते. कापायचे ते खांद्यापर्यंतच. पूर्ण मुंडन पुष्कळदा फार उशिरा, कधी अगदी मरणाच्या दारात होई. मठातच जाऊन राहायला हवे असेही नव्हते. कितीतरी भिक्षुणी आपल्याच घराच्या एका बाजूला राहत. ‘साराशिना’ या रोजनिशीच्या लेखिकेची आई अशीच एका घरात राहून वेगळी झाली होती.

‘गेन्जी’च्या अखेरच्या भागात उकिफुनेचा प्रसंग येतो. दोन पुरुषांच्या ओढाताणीत जीव द्यायला निघालेली ही तरुणी ओनो गावच्या भिक्षुणींच्या घरी वाचते. घरातली मोठी भिक्षुणी तीर्थाला गेलेली असताना, योकावाचा वृद्ध धर्मगुरू वाटेत थांबतो, आणि ती त्याला विनवते की मला आजच दीक्षा द्या. पडद्याच्या फटीतून ती आपले केस बाहेर काढून देते. कात्री हातात घेतलेला भिक्षू ते केस पाहतो आणि क्षणभर त्याचा हात अडखळतो. मुरासाकी शिकिबुने हा अडखळलेला हात लिहिला नसता तर दीक्षा हा एक विधी झाला असता. तो लिहिल्यामुळे हे केस किती जणांचे होते ते कळते. दीक्षेनंतर उकिफुने काय करते, तर हाताशी कागद घेऊन, कुणाला दाखवण्यासाठी नाही अशा कविता खरडत बसते. हजार वर्षांपूर्वीच्या लेखिकेला भिक्षुणी आणि लेखणी यांचे नाते किती नेमके दिसले होते याचे मला आजही आश्चर्य वाटते. स्वतःच्या रोजनिशीत मात्र तिनेच म्हटले आहे, की लोक काही म्हणोत, मी आता अमिताभ बुद्धाकडे वळेन म्हणते, पण जग सोडल्यावरही, मरणसमयी न्यायला येणाऱ्या त्याच्या मेघावर चढेपर्यंत मन डगमगेल की काय, म्हणून मागेपुढे पाहते आहे.

दहाव्या शतकातली ‘कागेरो’ या रोजनिशीची लेखिका तर मागेपुढे पाहण्यातच राहिली. तिला आपण मिचित्सुनाची आई म्हणूनच ओळखतो. नवरा फुजिवारा नो कानेइए मोठा सत्ताधीश, अनेक घरे असलेला, आणि तिच्याकडे येणे दिवसेंदिवस कमी होत चाललेला. ९७१ साली ती नारुताकीच्या देवळात जाऊन राहिली. सगळ्या राजधानीत ती भिक्षुणी होणार अशी कुजबूज झाली आणि अखेर नवरा तिला जवळजवळ ओढूनच घरी घेऊन आला. यापेक्षा मला तिच्या लेखनातला एक छोटा प्रसंग जास्त खोल वाटतो. एकदा ती किशोरवयीन मुलाला सहज विचारते, मी भिक्षुणी झाले तर? मुलगा रडू लागतो आणि म्हणतो, मग मीही भिक्षू होईन, मला तरी इथे कशासाठी राहायचे आहे? त्याने शिकारीसाठी एक ससाणा पाळलेला होता. वातावरण हलके करावे म्हणून आई विचारते, भिक्षू झालास तर ससाण्याचे काय करशील? मुलगा उठतो, जातो, आणि ससाण्याची दोरी सोडून त्याला उडवून लावतो. मुलाने त्या एका क्षणात जे केले ते आईला एकवीस वर्षांच्या लेखनात जमले नाही. ती भिक्षुणी झाली नाही. तिने रोजनिशी लिहिली.

‘साराशिना’ची लेखिका सुगावारा नो ताकासुएची मुलगी. तिचा जन्म १००८ सालचा. मुलगी असताना तिला कथांचे इतके वेड होते की तिने बुद्धाची मूर्ती करवून घेऊन, मला कथा वाचायला मिळोत, अशी प्रार्थना केली. कथा मिळाल्या. मग स्वप्नात पिवळ्या वस्त्रातला एक भिक्षू आला आणि म्हणाला, सद्धर्मपुण्डरीक सूत्राचा पाचवा खंड लवकर शीक. तिने हे कुणाला सांगितले नाही आणि ती कथाच वाचत राहिली. हा पाचवा खंडच का, हे आपल्याकडच्या वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे, कारण हे सूत्र भारतातून गेलेले आहे. त्या खंडात सागर नागराजाची आठ वर्षांची मुलगी येते. बाईला बुद्धत्व मिळू शकत नाही असे म्हणणाऱ्या शारिपुत्रासमोर ती एक रत्न बुद्धाला अर्पण करते आणि त्याहून कमी वेळात बुद्ध होते. मात्र त्याआधी तिचे स्त्रीरूप जाऊन पुरुषरूप येते. जपानी स्त्रियांना या गोष्टीतून आशाही मिळाली आणि अटही. स्त्रीच्या पाच मर्यादा प्रवचनांतून सांगितल्या जात, आणि त्याच प्रवचनांत ही नागकन्या दिलाशासाठी उभी केली जाई. आपल्या ‘थेरीगाथे’तल्या, म्हणजे प्राचीन भिक्षुणींच्या पाली गाथांतल्या, सोमा थेरीने मोहात पाडणाऱ्या माराला विचारले होते, की चित्त नीट स्थिर असताना स्त्री असण्याने काय बिघडते, जपानपर्यंत हा प्रश्न एवढ्या स्पष्टपणे पोचला असता तर किती बरे झाले असते, असे वाटून जाते. भिक्षुणींना संघाची पूर्ण दीक्षा देण्याची व्यवस्थाही तिथे फार काळ खंडित राहिली होती. एइसोन या विनयाच्या, म्हणजे संघनियमांच्या, आचार्याने नारा येथील होक्केजी मठात १२४९ साली बारा स्त्रियांना ती दिली तेव्हा ती परंपरा पुन्हा उभी राहिली.

याच शतकातली दुसरी मोठी लेखिका म्हणजे आबुत्सु. तरुणपणच्या प्रेमभंगावर तिने ‘उताताने’ नावाचे लहानसे पुस्तक लिहिले. त्यात ती एका रात्री आधीपासून ठेवलेली कात्री आणि पेटीचे झाकण जवळ घेते, केस दोन बाजूंना विभागते, आणि त्या क्षणी भीती वाटली हे प्रामाणिकपणे लिहिते. कापलेले केस कागदात गुंडाळून, वर कविता लिहून, ती काळोखात पावसात एकटीच पश्चिमेच्या डोंगराकडे निघते. वाट चुकते. चिंब भिजलेल्या या बाईला वाटेत खेडूत बायका भेटतात, तू कोण, कुणाशी भांडून पळून आलीस का, असे विचारतात आणि मठापर्यंत पोचवतात. दरबारी वाङ्मयात खेडूत बायका एवढ्या जवळून क्वचितच बोलतात.

ती मठात टिकली नाही. पुढे तिचे लग्न फुजिवारा नो तामेइएशी झाले. हा तेइकाचा मुलगा, म्हणजे जपानी कवितेच्या सर्वांत प्रतिष्ठित घराण्याचा वारस. १२७५ साली तो गेला आणि ती दुसऱ्यांदा, आता रीतसर, भिक्षुणी झाली. नवऱ्याने हारिमा प्रांतातली होसोकावाची जहागीर आधी थोरल्या मुलाला, म्हणजे तिच्या सावत्र मुलाला, दिली होती आणि नंतर ती काढून तिच्या पोटच्या मुलाच्या, तामेसुकेच्या, नावे केली होती. सावत्र मुलाने ती सोडली नाही. तेव्हा साठीला टेकलेली ही भिक्षुणी १२७९ साली शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, न्यायसभेपुढे दाद मागायला क्योतोहून त्याच्या ठाण्याला, कामाकुराला निघाली. दहाव्या महिन्याच्या सोळाव्या रात्रीच्या चंद्रावरून तिच्या प्रवासवर्णनाला ‘इझायोई निक्की’ हे नाव पडले. संन्यासिनी आणि वतनाचा दावा ही जोडी पाहून एखाद्याला ती ढोंगी वाटेल. मला ती तशी मुळीच वाटत नाही. तिच्या दृष्टीने जहागीर हे धान्य होते आणि त्या धान्यावर घराण्याच्या कवितेचे शिक्षण व हस्तलिखिते जगणार होती. मुलांसाठी आणि कवितेसाठी भांडताना तिने कात्रीने मिळालेल्या मोकळिकीचा उपयोग केला. घरात अडकलेली विधवा या वाटेला लागू शकली नसती. निकाल लागण्याआधीच, १२८३ साली, ती गेली. अंतिम निकाल १३१३ साली तामेसुकेच्या बाजूने लागला. त्याच्यापासून सुरू झालेले रेइझेइ घराणे आजही क्योतोमध्ये आहे आणि तेइकाच्या हस्ताक्षरातली रोजनिशी त्यांच्या कोठारात जपलेली आहे.

आता पुन्हा निजोकडे. तिच्या दरबारातल्या वर्षांविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे. चौथ्या वर्षापासून ती गो-फुकाकुसाच्या वाड्यात वाढली. तिच्या आईनेच त्याला तरुणपणी प्रणयाचे पहिले धडे दिले होते. चौदाव्या वर्षी, बापाच्या संमतीने आणि तिला काहीही न सांगता, तो तिच्या खोलीत आला. पहिल्या रात्री ती रडत राहिली. दुसऱ्या रात्री त्याने जबरदस्ती केली आणि तिची पातळ वस्त्रे उसवली, हे तिने आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पुढे साइओंजी सानेकाने हा तिचा प्रियकर होता, एक मोठा धर्माधिकारी तिच्या मागे वेडा झाला, आणि निवृत्त सम्राटाने तिला कधी मत्सराने जवळ ठेवले तर कधी आपल्याच माणसांच्या स्वाधीन केले. १२७४ साली सानेकानेची मुलगी जन्मली. सुईण बोलावणे शक्य नव्हते. सानेकानेने उशाजवळच्या सुरीने नाळ कापली, बाळ पांढऱ्या वस्त्रात गुंडाळले आणि बाहेर नेले. निजोने दिव्याच्या उजेडात एकदाच पाहिले: दाट काळे केस आणि उघडे डोळे. वाड्यावर गर्भपात झाला असे कळवण्यात आले. भिक्षुणी झाल्यावर, सगळ्या आसक्ती सोडण्याच्या प्रतिज्ञेनंतर, बहुधा पन्नाशीच्या आसपास तिने हे लिहिले. आणि त्या डोळ्यांचे वर्णन तिने वगळले नाही.

१२८३ साली पट्टराणी हिगाशी-निजोच्या तक्रारीवरून तिला वाड्यातून घालवून देण्यात आले. त्यानंतरची काही वर्षे पुस्तकात कोरी आहेत. चौथा भाग उघडतो तो १२८९ सालच्या वसंतात, आणि आपल्यासमोर येते ती क्योतोची वेस ओलांडून पूर्वेकडे निघालेली बत्तीस वर्षांची भिक्षुणी. दीक्षेचा विधी ती सांगतच नाही. इतक्या कथांमध्ये ज्या कात्रीपाशी सगळे थांबते ती कात्री हिच्या पुस्तकात दिसत नाही, आणि माझ्या मते ते जाणूनबुजून आहे. तिला सांगायचे होते ते चालण्याविषयी. नऊ वर्षांची असताना तिने कवी-भिक्षू साइग्योच्या भ्रमंतीची चित्रगुंडाळी पाहिली होती. डोंगर, वाहता ओढा, पाण्यावर गळणारी फुले आणि ते पाहत बसलेला माणूस. स्त्रीला त्याच्यासारखी कठोर साधना जमणार नाही, तरी आपणही असे हिंडावे आणि हिंडल्याचे लिहावे, ही इच्छा तिने तेव्हापासून जपली होती.

कामाकुरात ती पोचली त्याच वर्षी तिथल्या शोगुनला पदच्युत करून क्योतोला परत पाठवण्यात आले. त्याला पालखीत उलट्या तोंडाने बसवून नेत होते, ही खूण तिने टिपली. त्याच्या जागी आलेला नवा शोगुन गो-फुकाकुसाचाच मुलगा. मग घडले ते असे: क्योतोहून पट्टराणीने तिथल्या सर्वसत्ताधीश कारभाऱ्याच्या बायकोला पाचपदरी दरबारी पोशाख पाठवला होता, आणि तो शिवून घेताना रंगांचा क्रम चुकला होता. दरबारी रिवाज जाणणारी कुणी आहे का याची शोधाशोध झाली आणि निरोप आला तो निजोकडे. ज्या राणीने तिला हाकलले तिच्याच पोशाखाचे पदर, काळ्या वस्त्रातली ही बाई परक्या गावात बसून तपासून देते. अंगावरून दरबार उतरवता येतो, हातातून उतरत नाही, हे तिने कुठेही म्हटलेले नाही. तिने फक्त कुठला रंग कुठे असायला हवा होता ते लिहिले आहे.

ती झेन्कोजीला गेली, असाकुसाला गेली, नारा आणि इसेला गेली. १३०२ साली ती पश्चिमेकडे इत्सुकुशिमाच्या देवस्थानाच्या वाटेला लागली. तोमो बंदराजवळच्या एका बेटावर तिला काही झोपड्या दिसल्या. तिथे पूर्वीच्या वेश्या भिक्षुणी होऊन राहत होत्या आणि त्यांची प्रमुख म्हणजे एके काळी मुली ठेवून धंदा चालवणारी बाई. निजोने त्यांच्याजवळ मुक्काम केला आणि त्या बाईची पश्चात्तापाची हकीकत ऐकून घेतली. राजघराण्याशी संबंध असलेली स्त्री आणि बंदरावरच्या वेश्या एका पंक्तीत बसतात असे जपानी दरबारी वाङ्मयातले दुसरे ठिकाण मला आठवत नाही. या भेटीवर तिने फार कमी ओळी खर्च केल्या आहेत. आणखी दहा पाने असती तरी मी वाचली असती.

काळे वस्त्र सगळीकडे कवच ठरत नव्हते हेही तिनेच लिहिले आहे. बिंगो प्रांतातल्या वाचि गावी ती एका स्थानिक योद्ध्याच्या घरी उतरली. तो रोज नोकरांना मारझोड करी आणि ससाणे उडवून शिकार करी. हे पाहून ती हादरली. त्याच्या घराच्या सरकत्या दारांवर तिने चित्रेही काढून दिली. मग ती त्याच्या थोरल्या भावाच्या गावी गेली, आणि वाचिच्या मालकाने आरडाओरडा केला की ही माझी पिढीजात दासी आहे आणि ती पळवली गेली आहे. क्षणात ती प्रवासी भिक्षुणीची कुणाच्या तरी मालकीची वस्तू झाली. योगायोगाने कामाकुरात कवितेच्या बैठकीत भेटलेला एक ओळखीचा गृहस्थ-भिक्षू तिथे आला, त्याने तिची ओळख पटवली आणि ती सुटली. तिला सोडवले ते कवितेच्या ओळखीने, धर्माच्या खुणेने नव्हे.

गो-फुकाकुसाशी तिची पुन्हा गाठ पडली ती १२९१ साली इवाशिमिझुच्या हाचिमान देवस्थानात. तोही आता भिक्षू झाला होता. इतक्या वर्षांनी, इतक्या बदललेल्या वेषात त्याने तिला ओळखले, रात्रभर तिच्याशी बोलला, आणि निघताना अंगातली तीन लहान बाह्यांची वस्त्रे काढून तिला दिली. दोन वर्षांनी फुशिमीच्या वाड्यात मात्र त्याने तिला विचारले, की बाई एकटी इतके हिंडू शकत नाही, तेव्हा वाटेत कुणाकुणाची सोबत होती ते खरे सांग. एके काळी जो तिला स्वतः दुसऱ्यांच्या हवाली करत होता, त्याचा हा प्रश्न. निजोचे उत्तर लांबलचक आहे. ती शपथा घेते, हाचिमान देवाला साक्षी ठेवते, पाठ केलेल्या सूत्रांचे पुण्य पणाला लावते आणि सांगते की काळे वस्त्र घेतल्यापासून एकही पुरुष माझ्या आयुष्यात आलेला नाही. असता तर मी लपवले नसते. मला या उत्तरात याचना ऐकू येत नाही. संपूर्ण पुस्तकात ती इतके सलग आणि इतक्या ठामपणे त्याच्यासमोर कधीच बोललेली नाही. वाड्यात असताना त्याच्या बोलण्यावर ती रडत असे, गप्प राहत असे किंवा एखादी कविता म्हणत असे. बोलण्याची ही हिंमत तिला चालून चालून मिळाली, असे माझे मत आहे.

१३०४ साली तो गेला. आधी पट्टराणी, मग काही महिन्यांनी तो. निजोला आत जाण्याचा अधिकार नव्हता. ती वाड्याच्या आवारात दिवसभर थांबून राहिली. रात्री अंत्ययात्रा निघाली तेव्हा घाईत पादत्राणे सापडेनात, म्हणून अनवाणीच तिच्यामागे धावली. मागे पडली, वाट चुकली, आणि पहाटे तिथे पोचली तेव्हा फक्त धूर उरला होता. भिक्षुणीने असे धावू नये असे कुणी म्हणेल. तिने ते धावणे लपवले नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही.

महायानाची पाच मोठी सूत्रे स्वहस्ते लिहून काढण्याचे व्रत तिने घेतले होते. कागद, शाई, भिक्षूंचे दान यासाठी पैसा लागे. तिच्याजवळ दोनच मौल्यवान गोष्टी होत्या: आईची सोन्याच्या नक्षीची पेटी, जिच्यावर चक्रवाकांसारख्या जोडीने राहणाऱ्या पाणबदकांचे चित्र होते, आणि बापाची दौत-लेखणीची पेटी. आईची पेटी तिने विकली, मग बापाचीही विकली. आईची पेटी लग्न होऊन पूर्वेकडे निघालेल्या कुणा तरुणीच्या सामानात गेली. गो-फुकाकुसाच्या तीन वस्त्रांपैकी उरलेले शेवटचेही तिने त्याच्या नावाने अर्पण केले. एकेक वस्तू हातातून जात असताना ती कशी दिसत होती याचे वर्णन मात्र तिने पुस्तकात ठेवले. सूत्रांची नक्कल आणि हे पुस्तक या दोन लेखनांत, माझ्या समजुतीप्रमाणे, ती सारखीच गुंतलेली होती. एका लेखनासाठी तिने पेट्या विकल्या आणि दुसऱ्यात त्या जपल्या.

१३०६ साली ती पुन्हा हाचिमानला गेली असताना गो-फुकाकुसाची मुलगी युगिमोन-इन तिथे आली होती. हिची आई म्हणजे तीच पट्टराणी. निजो तिच्यापुढे गेली, आपली ओळख सांगितली, दोघी त्याच्या आठवणी बोलल्या. मनात वैर असल्याचे एकाही शब्दावरून दिसत नाही.

पुस्तक इथून थोड्याच पानांत संपते. मध्येच नकलकाराची टीप येते, की इथली पाने सुरीने कापलेली आहेत, काय असेल कळत नाही. शेवटी निजो म्हणते, की साइग्योसारखे हिंडण्याची लहानपणापासूनची इच्छा वाया जाऊ नये एवढ्यासाठी हे निरर्थक लिहून ठेवले. मागे आठवण राहावी अशी अपेक्षा नाही. तिच्या पुस्तकातले एवढे एकच विधान मला मान्य होत नाही. हीच बाई त्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या सम्राटांच्या काव्यसंग्रहांत स्थान मिळवणाऱ्या आपल्या घराण्याची परंपरा आपल्यापाशी तुटते आहे म्हणून व्याकूळ होते, आणि स्वप्नात बाप येऊन तिला सांगतो की कविता लिहिणे सोडू नकोस. मरताना जग सोडण्याची आज्ञा देणाऱ्या त्याच बापाला तिने स्वप्नातून परत आणले आणि त्याच्या तोंडून लिहिण्याची आज्ञा वदवली. आणि त्याचे हे दोन्ही उपदेश तिने एकाच पुस्तकात लिहून ठेवले.